आठ वीसचं गणित

बसच्या रांगेत बाप-लेकीच्या मागे गणिताचे निवृत्त मास्तर उभे होते. फळ्यापाशी त्यांचं कधी काही अडलं नव्हतं.

"उशीर झालाय. बाई ओरडतील ना?" बापानं लेकीला विचारलं.

"छे. वर्गात शिरताना किती वाजले ते बघायचं, त्या आकड्यांत चिन्हं घालून गणित जुळवायचं, मग बसायचं."

"आठ सतरा झाले तर?"

"आठ म्हणजे एक अधिक सात."

"अठरा?"

"आठ गुणिले एक, आठ."

"एकोणीस?"

"आठ अधिक एक, नऊ."

"वीस?"

"ते बाईंनाही जुळलं नाही. त्यांनी फळ्यावरच लिहिलंय, 'मला येत नाही, कुणाला आलं तर सांगा.'"

"स्वतः बाईंनी?"

"महिना झाला. पुसू देत नाहीत."

"धन्य आहेत तुमच्या बाई."

बस आली. बाप-लेक चढले. मास्तर खिशात पेन शोधत तिथेच उभे राहिले.