पिते किती?

नाही हो, रागावलो नाही मी तुमच्यावर! मान अशीच राहते माझी. डावीकडे. बोलतोय तुमच्याशीच, फक्त बघतोय त्या खांबाकडे... तुम्ही असं करा, जरा या अंगाला सरकून बसा, म्हणजे नजरेला नजर भिडेल. हां, आता कसं! परवा तिकडे भिवपुरीला आमच्या गोऱ्या साहेबाने बोलावलं, मी आपला समोर जाऊन उभा, तर म्हणतो, "स्टोअरकीपर, टुम डिवार के साथ क्या बाट करटा है?" आता त्याला काय सांगू? साहेब, ही मान मोटारीने गेली? लगेच म्हणेल अपघात झाला का. छे! अपघात कसला? मोटार निवडण्यात गेली! निवडण्यात! तुम्हाला सांगतो, माणसाने वांगी निवडावीत, तांदूळ निवडावेत, मोटार निवडायला जाऊ नये...

आणि हौस म्हणून नव्हती हो घ्यायची! मी पावरहौसात स्टोअर सांभाळतो, राहायला कर्जतला, दहिवलीत. रोज सकाळी भिवपुरीला सायकल हाणायची आणि संध्याकाळी परत. बरं, घरी येऊन पाय पसरावेत, तर ते नाही! "अहो, भात कांडायला न्यायचाय." "अहो, जळण संपलं." "अहो, म्हशीला पेंढा आणायचाय." आमच्या घरी सामान येतं ते पोत्याने नाहीतर भाऱ्याने, पुडीने काही येतच नाही. एकदा सायकलला पुढे फणस, मागे फणस बांधून आलो, तर वाटेत एक जण विचारतो, "अण्णा, कुठल्या झाडाचे तुम्ही?" तेव्हाच ठरवलं. मोटार! माणूसही नेईल आणि पोतंही नेईल, अशी. आणि मुख्य म्हणजे... कमी पिईल अशी.

हो, ते मुख्य! पेट्रोल म्हणजे काय विहिरीचं पाणी आहे? मी जिथे गेलो तिथे एकच विचारलं. पिते किती?

खोपोलीला एका कंत्राटदाराची लॉरी होती विकायला. लॉरी कसली, चाकं लावलेली धर्मशाळा! म्हटलं, पिते किती? तो म्हणतो, "पाव्हणं, हत्ती दारात बांधायचा आणि खातो किती इचारायचं, आसं आसतंय व्हय?" निघालो. मग एका मुंबईच्या शेठची मोटार पाहिली. चामड्याच्या गाद्या, पितळी कर्णा, सगळं लखलखीत. मी शोफरला विचारलं, पिते किती, आणि मागच्या गादीवर पेंढ्याचे भारे किती मावतील? त्याने जे दार लावलं ते माझं बोट आत असताना. आता सांगा, काय वाईट विचारलं मी?

शेवटी सापडली ती झहीरकडे. झहीर म्हणजे खोपोलीचा मिस्त्री, बापजादे टांगे बनवायचे, याने मोटारी धरल्या. त्याने एका जुन्या मोटारीची पाठ कापून तिथे सागवानी पेटारा बसवला होता, मागून उघडा. पुढून पाहिलं तर साहेब, मागून पाहिलं तर हमाल! मी म्हटलं, हीच. पिते किती?

"अण्णा, पिते? नुस्तं व्हट वले करते!" आणि सुटला की हो तो! झहीरचं तोंड एकदा सुरू झालं की त्याला ब्रेक नाही. "अण्णा, हिचा पेटारा माझ्या हातचा हाय. अण्णा, हिचा आवाज ऐका, सतार हाय सतार. अण्णा, आनी येक ध्यानात ठेवा, टाकी सीटखाली हाय, तवा घाटात..." मी म्हटलं, ते राहू दे रे बाबा घाटाचं! पिते किती ते नीट सांग. तो पुन्हा म्हणतो, "आवो पन चढनीला..." मी म्हटलं, झहीर, पिते किती?

आमची ही बाजूला उभी होती. ही म्हणजे मैना, माझी बायको. ती म्हणाली, "अहो, त्याला बोलू तरी द्या." पण मी कुणाचं ऐकतोय? कमी पिणारी मोटार समोर उभी असताना?

आणि तुम्हाला सांगतो, खरंच कमी प्यायची! रोज भिवपुरी, येताना गिरणी, कधी पेंढा, कधी कौलं. मी रोज सीट उचलायचो, टाकीत कळकाची काडी बुडवायचो, ओली किती झाली ते बघायचो आणि खूश व्हायचो. उतार आला की इंजिन बंद. माणूस चढला की म्हणायचो, वहाणा काढून ठेव रे, वजन होतं. ही म्हणायची, "आता मला श्वास सोडून बसायला सांगा." 

सगळं असं गोडीत चाललं होतं आणि वैशाखात निघालं हिच्या भावाचं लग्न. खंडाळ्याला.

आता हे लग्न साधं नव्हतं. सदू म्हणजे हिचा एकुलता एक भाऊ. आई लहानपणीच गेली, हिनेच कडेवर घेऊन वाढवला त्याला. करवली ही. नवरदेवाच्या मागे दिवा घेऊन उभं राहायचं ते हिने, दुसऱ्या कुणी नाही. नवरीमुलीला आईबाप नाहीत, मामाने सांभाळलेली, म्हणून लग्न माझ्या सासऱ्यांच्याच दारात. आणि जेवणावळीचा तांदूळ आणि मोठी पातेली न्यायची होती आमच्याकडून, कर्जतहून. म्हणजे बघा, आम्ही पोचलो नाही तर नवरदेवामागे दिवा नाही आणि पंगतीत भात नाही!

ही म्हणाली, "पोती आगगाडीत टाकू. बाबा रेल्वेतले, स्टेशनात सगळे ओळखीचे, तासाभरात वर."

आगगाडीत? घरची मोटार दारात असताना? म्हटलं, मैना, सासुरवाडीला जावई मोटारीने जाणार. तांदूळ, पातेली, तू, मी. अगं, पिते किती?

मग मी हिशेबाला बसलो. तांदूळ जड, तो तर न्यायलाच हवा. मग हलकं काय करायचं? जादा चाक काढून ठेवलं. हिची ट्रंक काढली, शालू बोचक्यात बांधायला लावला. आणि पेट्रोलचा भरलेला डबा असतो ना बरोबर ठेवायचा, तोही घरी ठेवला! हसताय काय? ओझं वाढलं की जास्त पिते! जास्त प्यायला लागू नये म्हणून पेट्रोल घरी ठेवलं, यात चुकलं काय... हो, आता कळतंय काय चुकलं ते. खोपोलीला ही म्हणाली, "टाकी भरून घ्यायची का?" मी काडी बुडवली, दाखवली. एवढ्यात खंडाळा गाठून परतसुद्धा येऊ म्हटलं. 

घाट लागला. ही मागे पेटाऱ्यात पोत्यांवर, कारण पुढे माझ्या शेजारी मोठं पातेलं बसलं होतं. दोन वळणं झाली, तिसऱ्याला चढ उभा राहिला आणि मोटार खोकली. पुन्हा खोकली. आणि गप्प.

मी उतरलो, चाकाला धोंडा लावला, सीट उचलली, काडी बुडवली. पेट्रोल आहे! हँडल मारलं. सुरू झाली, हातभर गेली, गप्प. पुन्हा हँडल. पुन्हा गप्प. अंगाचं पाणी पाणी झालं. ऊन चढत चाललं, मुहूर्त दुपारचा. मला वाटलं आता ही तोंडाचा पट्टा सोडणार. पण नाही हो! ही तशीच पोत्यावर बसून होती, बोचकं पोटाशी धरून. मग हळूच म्हणाली, "सदूच्या मागे दिवा कोण धरेल हो?"

खरं सांगतो, त्या क्षणी कुणी म्हटलं असतं की टाकीत तुझं रक्त ओत, तर ओतलं असतं. आणि कमी पिते का असं विचारलंही नसतं.

मी धोंड्यावर बसलो. आणि ही एकदम म्हणते, "झहीर काय सांगत होता? टाकी सीटखाली आहे, तेव्हा घाटात..."

"घाटात काय?"

"तुम्ही बोलू दिलंत का त्याला? तुम्ही मोटारीभोवती फेरी मारायला गेलात, तेव्हा मला म्हणाला तो. वयनी, टाकीत कमी आसलं तर चढनीला तोंड फिरवायचं, पाठीपाठी न्यायची. इंजिन खाली, टाकी वर, म्हंजी पेट्रोल आपसूक उतरतंय."

मी म्हटलं, काहीतरीच! ती म्हणाली, "तुमच्या पावरहौसात पाणी खालून वर चढतं का?"

अहो... वरच्या तलावातलं पाणी नळांतून खाली उतरतं म्हणून आमचं पावरहौस चालतं, म्हणून मला पगार मिळतो! इतकी वर्षं ते पाणी खाली येताना बघतोय, आणि बायकोने सांगावं मला? 

फिरवली मोटार. नाक खोपोलीकडे, शेपूट खंडाळ्याकडे. हँडल मारलं, मागे जायचं ते मधलं पेडल दाबलं, आणि चढली की हो! सतार! पण मधलं पेडल सोडलं की थांबते, म्हणजे पाय दाबूनच धरायचा आणि मान मागे वळवूनच बसायचं. आणि मागे बघून दिसतंय काय? पोती! पोत्यांवर ही! रस्ता तिलाच दिसायचा, मला दिसायची तिची पाठ.

"उजवीकडे घ्या!" मी घेतली. "अहो, तुमच्या नाही, माझ्या उजवीकडे!" आता ती तोंड करून बसलेली वर, मी बसलेला खाली तोंड करून, आमचे हातच उलटे! मग ठरलं, उजवं-डावं बंद, डोंगर किंवा दरी म्हणायचं. पुढच्याच वळणाला ही ओरडली, "दरी! दरी!" आता सांगा, दरीकडे घेऊ, का दरी आली म्हणून डोंगराकडे घेऊ? शेवटी तिनेच तोड काढली. हातात पळी घेतली, मागे पोत्यांजवळ ठेवलेल्या पातेल्यावर एक ठोका म्हणजे डोंगराकडे, दोन म्हणजे दरीकडे. टण्! टण् टण्! टण्!

वाटेत ठाकरवाडीच्या बायका करवंदांच्या पाट्या घेऊन चाललेल्या. त्यातली ठमी नावाची एक, चांगली बोलकी, लागली की मोटारीच्या बरोबरीने चालायला! मोटारीची चाल ती केवढी! "अगं बाय, काय इसारलं का खाली? मोटार पाठीपाठी का चालली हाय?" ही म्हणते, "विसरलं नाही गं, भावाच्या लग्नाला चाललेय!" "मंग तुजा दादला रुसलाय व्हय? तोंड फिरवून बसलाय त्यो!" आणि चालत्या मोटारीत, चालता चालता, दोघींचा करवंदांचा सौदा! वर ठमी जाताना म्हणते कशी, "ही मोटार ब्येस हाय. बाईमानूस म्होरं, बापय पाठी!"

शिंग्रोबा आला. घाटाची वाट दाखवणारा देव तो, त्याला नमस्कार केल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. माझा एक पाय पेडलवर, दोन्ही हात चक्रावर, मान भलतीकडे. हिने नाणं टाकलं, हात जोडले, म्हणाली, "तुमच्या वाटचाही केलाय मीच." 

असे आम्ही खंडाळ्यात शिरलो. टण्! टण् टण्! मांडवात गडबड उडाली, मुलीचे मामा ओरडले, "वाजंत्री आली, वाजंत्री आली!" आणि धावत पुढे आले तो आली ही! आधी करवली आली, मग तांदूळ आला, मग पातेली आली आणि सगळ्यात शेवटी जावई आला, पाठमोरा. भाकरतुकडा ओवाळायला तांब्या घेऊन बाई उभी होती, तिने पातेल्यावरूनच ओवाळून टाकला.

मला वाटलं, आता सासरे हसणार. सासरे म्हणजे घाटातल्या इंजिनाचे ड्रायव्हर, आता पेन्शनीत. ते आले, मोटारीभोवती एक फेरी मारली, हिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "जावईबापू, जन्मभर मी गाडीच्या शेपटाला इंजिन लावून हाच घाट चढवला. नाव पुढच्या ड्रायव्हरचं व्हायचं, पण गाडी चढायची ती मागच्याच्या जोरावर. आज तुम्हाला घाट कळला." माझा ऊर भरून आला हो! तेवढ्यात म्हणतात, "पण आगगाडीने आला असतात तर सकाळीच आला असतात."

असो. भात वेळेवर शिजला. मंगलाष्टकं झाली तेव्हा सदूच्या मागे दिवा घेऊन ही उभी होती, डोळे भरलेले, कपाळाला पातेल्याची काजळी लागलेली. इतकी छान दिसत होती म्हणून सांगू! आणि मला ती नीट बघता आली, कारण ती उभी होती माझ्या डावीकडेच... मान तेव्हापासूनच राहिली ना!

आता तुम्ही म्हणाल, अण्णा, टाकी भरून घ्यावी, म्हणजे मोटार सरळ चढेल. अहो, कळतं ते मला! आता भरूनच घेतो टाकी, काठोकाठ, वर डबाही बरोबर ठेवतो. पण दर खेपेला माहेरी निघालो की घाटाच्या पायथ्याशी मागून पेटाऱ्यावर टकटक होते. "फिरवा." मी म्हणतो, अगं, टाकी भरलीय, सरळ जाईल! ती म्हणते, "मला माहेर येताना दिसलं पाहिजे. सरळ गेलं की मला नुसती खोपोली लांब जाताना दिसते. आणि ठमी वाट बघत असेल." पुढे बस म्हटलं, तर पुढे बसत नाही. पुढे बसून ठोके कुणाला देणार?

मग काय करतो? फिरवतो! नाक खोपोलीकडे, मान मागे, पाय पेडलवर. टण्! टण् टण्! आणि तुम्हाला सांगतो, उलटी चढताना मोटार किती पिते माहीत आहे? काडी बुडवून बघितलंय मी. दुप्पट! दुप्पट पिते हो!

...पिऊ दे.