तोंडातल्या टाचण्या

...नाही पण तुम्हीच सांगा, बोलणार कसा? तोंडात टाचण्या होत्या हो माझ्या! कोटाची ट्रायल घेताना शिंप्याचा एक हात कापड धरतो, दुसरा टोचतो, मग टाचण्या ठेवायच्या कुठे, डोक्यावर? ओठांतच धरायच्या, तीस वर्षं हेच चाललंय. आणि नेमके तेव्हाच वकीलसाहेब, कोटाला अजून एकच बाही, आरशात बघत म्हणतात, "मास्तर, काजं तेवढी त्या बाईकडे देऊ नका हं. पुलापलीकडची ना ती? त्या लोकांचे हात... कळलं ना? आणि कापडावर लक्ष ठेवा, चोरी रक्तातच असते त्यांच्या."

कळलं ना, म्हणे! ती बाई पडद्यामागे तीन फुटांवर बसलेली! आमच्या काजवाल्या ताई. अकरा वर्षं आमच्याकडे बटणांची काजं करतात, हातानं, रेशमी दोऱ्यानं, एक टाका दुसऱ्याहून मोठा दाखवा आणि दुकान घेऊन जा... पडद्यामागे सुई थांबली. तुम्ही म्हणाल, सुई थांबलेली ऐकू येते का? येते. मेणावरून दोरा ओढला की सर्र वाजतो, तो वाजेना. आणि मी काय म्हणालो? "हं." दुसरं काय म्हणणार, तोंडात टाचण्या होत्या!

आता हे "हं" म्हणजे हो की नाही, ते मलाही ठाऊक नाही. वकीलसाहेबांनी हो धरलं. ताईंनीही तेच धरलं असणार.

घरी आलो, वही उघडली. मला रोज लिहायची सवय आहे, तारीख-वार घालून. तुम्हाला सांगतो, जेवणाची पानं वाढेपर्यंत सतरा उत्तरं सुचली! त्यातलं अकरावं तर काय होतं... "साहेब, तुमच्या जुन्या कोटाची काजंही त्यांचीच. सहा वर्षांत एक धागा सुटलाय का?" बायकोला आवाज चढवून वाचून दाखवलं.

"माझ्यावर कशाला ओरडताय? मी काय केलंय?"

"तुला नाही गं, वकिलाला!"

"मग तिथंच का नाही बोललात?"

"तोंडात टाचण्या होत्या!"

"सगळा वेळ?"

सगळा वेळ, म्हणे! आता ट्रायल वीस मिनिटं चालते, टाचण्या सहा. सहावी टोचून झाल्यावर मी... जाऊ द्या ते.

वकीलसाहेबांच्या कोटाची काजंही ताईंनीच केली. मीच दिली, लाज सोडून, कारण दुसरं करणार कोण? आणि शनिवारी मेण, सुया, कात्री, सगळं डब्यात भरलं. "मास्तर, घराजवळच काम मिळालंय." मी म्हटलं, "ताई, त्या दिवशी माझ्या तोंडात..." "टाचण्या होत्या. ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या आणि हातावर काय ठेवलं माहितीये? टाचण्यांची उशी! उरल्यासुरल्या अस्तराची, मनगटाला बांधायची, तिलाही बटण, आणि काज असं देखणं... "बांधा. आता तोंड मोकळं राहील."

टोमणा होता का हो? आवाजात तर नव्हता. असता तर बरं झालं असतं.

काल वकीलसाहेब कोट न्यायला आले. अंगात घातला, बटण लावलं, काजावरून बोट फिरवलं. "वा मास्तर! बघा, माणूस बदललात आणि काम कसं सुधारलं!"

उशी मनगटावर. तोंड रिकामं. अकरावं उत्तर तोंडपाठ. आणि मी बोललो, खरंच बोललो! "साहेब..."

"काय?" ते वळून बघायला लागले. पडद्यामागे कुणी नव्हतं. सुईसुद्धा नव्हती.

"...बाही जरा लांब वाटतेय," मी म्हणालो, आणि उशीतल्या सहाच्या सहा टाचण्या काढून तोंडात घातल्या.