तिकिटावरची धाकटी

—भिंग लावून बघा की, मी कुठे नाही म्हणते? नाक माझं, हनुवटीवरचा तीळ माझा, शाल मात्र तिची. टपालाच्या तिकिटावर चेहरा माझा आणि खाली नाव माझ्या थोरल्या जावेचं, एवढीच भानगड आहे. आता कुणी बोलत नाही ती जुनी भाषा जपली ती तिने. तुम्ही जिला भेटायला एवढ्या लांबून आलात, ती दोन महिन्यांपूर्वी गेली. बसा, आलाच आहात तर. खुर्चीचा डावा पाय डुगडुगतो, तिकडे रेलू नका. फाटक लावलंत ना नीट? तिचा कुत्रा आहे अंगणात. तिच्या भाषेशिवाय दुसऱ्या कुठल्या भाषेत हाका मारून घसा फाटला तरी मान वळवत नाही तो.

झालं काय, तिकिटासाठी फोटोवाला आला त्या दिवशी ती म्हणाली, धाकटे, ही शाल घे, माझ्या खुर्चीत बस जरा, दूध उतू जातंय, मी आलेच. ती आली ती फोटोवाला गेल्यावरच. आणि दूध कसलं—त्या दिवशी घरात दूधच नव्हतं, हे मला नंतर आठवलं. तिकीट छापून आलं तेव्हा म्हटलं, टपाल खात्याला कळवू या, तर म्हणे राहू दे, माझ्यामागे लोक विचारत येतील ते तुझ्याकडेच येतील. आणि हसली. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आता येतात, तुमच्यासारखेच, आवाज टिपायचं यंत्र घेऊन. सगळ्यांना एकच सांगते—मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही. अहो, आम्ही दोघी एका वर्गात. त्या भाषेतला एक शब्द तोंडातून निघाला की दिवसभर बाकावर उभं करायचे. मी पहिल्याच वर्षी शहाणी झाले. ती नाही झाली, ती चार वर्षं उभीच होती. पुढे एकाच घरात सुना म्हणून आलो. चाळीस वर्षं ती त्या भाषेत बोलायची आणि मी ह्या भाषेत उत्तर द्यायची—मीठ संपलं का, दारावर कोण आलं होतं, तुझे गुडघे कसे आहेत, सगळं. नाही, कळायचं असं नाही—अंदाजाने हो. चाळीस वर्षं अंदाज बरोबर आला, त्याला मी काय करू?

शेवटच्या दुपारी तिने माझा हात धरला आणि विचारलं, आहेस ना गं? तिच्या भाषेत. 'आहे' एवढंच म्हणायचं होतं, तिच्याच भाषेत, एकदा. दुसरं काही नको होतं तिला. मी म्हटलं, पाणी देऊ का? ह्या भाषेत. सवय हो. ती पाणी प्यायली, आणि झालं. तेवढं मात्र मला खातं, खोटं कशाला बोलू. कामात असले तरी खातं.

हे काय—फाटक उघडंच ठेवलंत? अहो, तो रस्त्यावर पोचला, आणि तिकडून ट्रक—सरका, सरका तुम्ही, मला दारात जाऊ द्या—

आला. आला बाई. बस इथे.

काय बघताय? कुत्र्याला हाक मारली. तिच्या भाषेत मारली, मग कुठल्या मारणार, मरू देऊ त्याला? तेवढा एकच शब्द येतो मला. 'बस' म्हणायलाही येतं, दोन झाले. रागवायला चार-पाच लागतात, कुत्रा आहे शेवटी. यंत्र चालू होतं का तुमचं? पुसून टाका ते. नाहीतर—राहू द्या. तुमची मर्जी.

निघा आता तुम्ही. मी शिकवत-बिकवत नाही कुणाला, आधीच सांगते. रोज पाच वाजता ह्याला जेवायला घालते, तेव्हा तासभर तिच्यासारखं बोलत बसावं लागतं, नाहीतर घास घेत नाही मेला. फाटक बाहेरून लावा, ह्या वेळी नीट. पाचला बाहेर कोण उभं राहतं ते मी बघत नाही.