त्याच खुर्चीत

न्हावी : ...मान वर करा, दादा. आणि बोलू नका, वस्तरा गळ्यावर आहे.

नगराध्यक्ष : बोलू नको कसं? तुझं दुकान ओस पडलंय म्हणे.

न्हावी : म्हणे कशाला? तुम्ही तरी कुठे फिरकलात? महिनाभर घरीच बोलावताय.

नगराध्यक्ष : अरे, तुझी चूल बंद पडू नये म्हणूनच ना? इतरांसारखं तुला टाकलं का मी?

न्हावी : मला नाही टाकलंत. दुकान टाकलंत.

नगराध्यक्ष : पण तुला तरी काय नडलं होतं? नदीपलीकडच्या वस्तीतलं कोणी आजवर बाजारात खुर्चीवर बसलंय का?

न्हावी : त्या वस्तीतल्या एकाच्या मुलीचं लग्न होतं हो. पायरीखाली उभा राहून म्हणाला, आज तरी नीट दाढी करून द्या. मी खुर्ची झटकली, बस म्हटलं. दुसऱ्या दिवसापासून चिटपाखरू नाही. समोरचा शिंपी रोज गप्पा मारायला यायचा, तोही आता मान फिरवतो. दिवसभर तोंड उघडायची वेळ येत नाही, दादा. घरी बायकोला सांगतो, आज फार गर्दी होती.

नगराध्यक्ष : मी पत्रक काढतो ना. भेदभाव खपवून घेतला जाणार नाही, असं स्पष्ट.

न्हावी : मागच्या वर्षीही काढलं होतंत. वाण्याने त्यात शेंगदाणे बांधले.

नगराध्यक्ष : मग काय करू? तूच सांग.

न्हावी : बाजाराच्या दिवशी दुकानात या. त्यालाही बोलावतो. आधी त्याची दाढी, मग त्याच खुर्चीत तुमची. भाषण नको, काही नको. तुम्ही बसलात की बाकीचे बसतील.

नगराध्यक्ष : निवडणूक तोंडावर आली रे. माझीच माणसं उठून जातील. एकटा पडेन मी.

न्हावी : पडाल. थोडे दिवस फार जड जातं. दुसरा गाल करा.

नगराध्यक्ष : असं करू या. बाजार उठला की येतो. त्याला बोलाव, त्याच्यानंतर मी बसतो, शब्द देतो. तू फक्त शटर ओढून घे.

न्हावी : मग राहू द्या, दादा. शटर ओढून तर मी रोजच बसतो.