खाडीपलीकडं कोरं

मी खारबावचा. जन्म तिथलाच. बापूस भातशेती करायचा आणि कापणी झाली का भिवंडीला लूमवर ड्युटीला जायचा, आयस भाजी घेऊन बाजारात बसायची, आणि घरात आमी दोघं, मी आणि माझ्यापाठची सुमन, चार वर्षांनी धाकटी. हा हातातला कागद कसला म्हणून तुमी इचारलंत न ताई, तर ते सांगायचं म्हणजे सुमनचंच सांगाया लागंल. बसा, पण जरा आत सरकून बसा, या कशेळीच्या रस्त्याला ट्रकवाले माणूस बघत न्हायत.

काय झालं, एका वर्षी गावात मोजणीवाले आले. बापसाचं आणि शेजाऱ्याचं बांधावरनं भांडण, म्हणून मोजणी मागितलेली. साखळी, झेंडे, तीन पायांचं टेबल, आमी पोरं नुसती मागं मागं. त्यातला एक म्हातारा आमच्या ओटीवर जेवला आणि सुमन त्याला म्हणते, आजोबा, तुमी आमचं घर एवढुसं काढलंत, आता आमी आत मावणार कसे. तो जाम हसला आणि जाताना तिला पेन्सिल देऊन गेला, एका तोंडाला लाल, एका तोंडाला निळी.

मंग आमी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला एक देश काढला, खाजणदेश. भरतीचं खारं पाणी शिरतं ते खाजण आमचंच, खाडी आमचीच, पण आत राज्य चिंबोऱ्यांचं, म्हणजे खेकड्यांचं, मिठाचे डोंगर, आणि एक विहीर, ती आवसेला जागा बदलायची. आणि त्या देशाचे नकाशे काढणारा एक पंडित, मोजणबुवा. असा कोण माणूस नव्हता ताई, तो आमी केला. बांधावर जन्मला, अर्धा या शेतात अर्धा त्या शेतात, म्हणून त्याचं माप कधी कुणाच्या बाजूला झुकायचं न्हाय. शाळा शिकला बगळ्याकडं, एका पायावर उभा ऱ्हाऊन. सात लिप्या यायच्या त्याला, चिंबोऱ्यांचं तिरपं अक्षरसुद्धा वाचायचा, आणि विहिरी किती खोटं बोलतात यावर त्यानं ग्रंथ लिहिलेला. भरती दिवसातनं दोनदा त्याच्या रेघा पुसायची आणि तो दोनदा नव्यानं काढायचा. राजानं इचारलं, बुवा, कंटाळा न्हाय येत? तर म्हणाला, खाडीला येत न्हाय तर मला का यावा. हे सगळं सुमन रचायची, मी नुसता लिहायचो. लोक म्हणायचे पोरगा हुशार. हुशार ती व्हती.

मी आठवीला गेलो तवा मला ठाण्याला मामाकडं ठेवलं. सोमवारी जायचं, शनवारी यायचं. ही चौथीत, रडून गोंधळ, मला पण ने, मला पण ने. तर मी काय केलं, काय सांगू तुम्हाला, आता जीभ कापून टाकावी वाटते. मी म्हणालो, मोजणबुवाचा कायदा हाय, खाडीपलीकडं एकानं जायचं तर दुसऱ्यानं अलीकडं राखण करायची, तरच गेलेला परत येतो. झालं. गप झाली. सोमवारी मला सोडायला बांधावर यायची आणि शनवारी तिथंच उभी असायची. मी दिसलो का पहिलं इचारायची, दादूस, तिकडं काय हाय, सांग, मी काढते. हातात ती पेन्सिल. आणि मी सांगायचो, काय न्हाय ग, कोरं हाय सगळं. आळस, दुसरं काय. आणि थोडा माज पण व्हता, की तिकडचं माझं एकट्याचं. म्हणून बघा, हा नकाशा, अलीकडं बोट ठेवायला जागा न्हाय आणि खाडीपलीकडं सगळं कोरं ऱ्हायलं.

ती सातवी पास झाली तवा बापूस म्हणाला, हिला पण धाडूया का मामाकडं. तेरा वर्षांची पोर, खरं काय खोटं काय तिला कळत नव्हतं असं न्हाय, पण हसत हसत म्हणाली, मी गेले तर दादूस परत कसा यायचा. बापसाला बरंच वाटलं, घरात कामाला हात हवेच व्हते. विषय तिथंच मिटला. मी समोर जेवत बसलेलो ताई. भात कालवत ऱ्हायलो.

पुढं कॉलेजात रुळल्यावर मला त्या खेळाची लाजच वाटाया लागली, म्हणून एका शनवारी मी सांगून टाकलं, मोजणबुवा मेला. राखण न ठेवता पलीकडं गेला, परत आला न्हाय. ती दोन दिवस जेवली न्हाय. मंग कागद घडी करून पेटीत ठेवला आणि आयससंगं भाजी विकायला बसाया लागली. आणि मी तरी काय दिवे लावले, कॉलेज अर्धवट, काही वर्षं लूम, आता वडप्याच्या गोडाऊनात, कुठल्या रॅकवर कुठला माल त्याचे तक्ते काढतो. सुमनचं लग्न अलीकडच्याच गावात झालं, नवरा वारला, परत आली. आख्ख्या जन्मात खाडी ओलांडली न्हाय तिनं. माझं काय काम तिकडं, म्हणायची.

आता पोटात गाठ निघाली. भिवंडीच्या डॉक्टरनं सांगितलं, ऑपरेशन ठाण्यालाच, आणि लवकर. ही म्हणते मी जात न्हाय. महिना गेला ताई. मी ओरडलो, रडलो, माझी बायको वंदना तिच्या पाया पडली. माणूस डोळ्यांदेखत सुकत चाललेलं. मंग एक दिवस तिनं पेटीतनं हा कागद काढला आणि म्हणाली, हे खोटं हाय मला म्हाईत हाय दादूस, मी खुळी न्हाय. पण मला जाम भीती वाटते आणि दुसरा मंत्र मला येत न्हाय. मी तुझी राखण केली, तू आलास न दर शनवारी परत? मंग आता तू उभा ऱ्हा.

काल सकाळी निघालो. इथं पुलाच्या तोंडाशी मी उतरलो, ती आणि वंदना पुढं गेल्या. माझा पोरगा तिकडंच नोकरीला, तो सह्या करायला हाय. पूल ओलांडला तसा तिचा फोन. दादूस, कागद काढ. पूल संपला, डाव्या हाताला पिंपळ, आपल्या देवळाएवढा, काढलास? मंग सिग्नल. मंग भांड्यांचं दुकान, बाहेर हंडे टांगलेले. मी या कठड्याला टेकून काढतोय आणि ती सांगतेय, सांगतेय, आणि मधीच म्हणाली, दादूस, तू खोटं बोललास रे. इथं तर सगळं हाय.

मी रस्त्यात बसून रडलो. एक ट्रकवाला खाली उतरून पाणी देऊन गेला, क्या हुआ चाचा म्हणून.

रात्र इथंच काढली, आज सकाळी परत फोन. हे बघा, सगळं काढलंय, दवाखान्याचं फाटक, लांब बोळ, तिची खाट, खिडकी, खिडकीतनं दिसणारी पाण्याची टाकी. आणि हे दार. म्हणाली, दादूस, इथं एक दार हाय, दोन फळ्यांचं. आतलं बाहेर आल्यावर सांगते. पेन्सिल हातात ठेव.

ऑपरेशनला दोन तास लागतील बोलले व्हते. पाच तास झाले. वंदनाचा फोन आला, डॉक्टर बाहेर आला न्हाय, तुमी या. पोरगा म्हणतो, बाबा, काय हे येड्यासारखं, या न. त्याचं खरं हाय. पन्नाशी उलटलेला माणूस मी, मला कळत न्हाय का? पण पाय उचलला आणि ती आतच ऱ्हायली तर? चार वर्षं ती हलली न्हाय बांधावरनं, पावसात पण. मी पाच तासांत हलू?

तुमची गाडी आली बघा. ठाण्यालाच न? जा ताई, देव तुमचं भलं करो, तुमच्या माणसांना सुखी ठेवो. फक्त परत येताना तिकडं काय दिसलं ते मला सांगू नका. ते तिनंच सांगायचं हाय.