तिकिटावरचा हॅरल्ड

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय फिट्झरॉय अ‍ॅडम्स साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, आमचे वृद्ध पास्टर, सामान चढवणाऱ्या खात्यातले माझे जुने सोबती, विमानतळाशेजारच्या सूसडाईक आणि टिमेरी गावांतली सगळी मंडळी, आणि जिच्यासाठी आज या सभागृहाच्या खुर्च्या कमी पडल्या त्या मिस ओडेसा प्रिंगल, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

अध्यक्षांनी मघाशी 'मिस्टर कस्बर्ट अलेक्झांडर लूईस' असं नाव पुकारलं, तेव्हा सभागृहात कोणी हललं नाही. मीही नाही. शेजारी बसलेल्या बाईंनी ढोसलं, 'मेजर, तुम्हालाच बोलावतायत.' लष्कराशी माझा कधी संबंध आला नाही, तरी सात वर्षांचा असल्यापासून मी मेजर आहे. आपल्याकडे हे असंच. एक नाव सरकारी रजिस्टरात झोपून असतं आणि दुसरं अंगणात हिंडत असतं. इथे बसलेल्यांपैकी किती जणांना आपल्या शेजाऱ्याचं कागदावरचं नाव ठाऊक आहे? हात वर करू नका, लाज जाईल.

मी शाळेत फारसा गेलो नाही. अक्षरं शिकलो ती बॅगांना बांधलेल्या चिठ्ठ्यांवरून. त्यामुळे मिस ओडेसांच्या सेवेचं मोजमाप करणारं भाषण मला जमणार नाही, ते साहेब लोकांनी केलंच आहे. मी फक्त एक सकाळ सांगतो. एकोणीसशे शहाण्णव साल, मार्च महिना, मंगळवार. मी ढकलगाडी घेऊन विमानतळावर त्यांच्या तिकीट तपासण्याच्या काउंटरपाशी उभा होतो, म्हणून जे सांगतो ते डोळ्यांनी पाहिलेलं.

टोरंटोच्या विमानाला एक माणूस आला. एक माणूस म्हणजे, आपली रीत तुम्हाला माहीत आहे, निरोप द्यायला नदीतल्या लेग्वान बेटावरून होडी आणि मिनीबस करून पंचवीस माणसं. पोरंबाळं, डाळपुरीचे डबे, रडण्याची तयारी. जाणारा माणूस साठीचा, पूर्वज हिंदुस्थानातून ऊसमळ्यांवर आलेले, स्वतः भातशेती करणारा, सुकून काटकुळा झालेला. लोक त्याला हॅरल्ड म्हणत. त्याची थोरली बहीण फुलमती टोरंटोच्या इस्पितळात होती. आई ऊसमळ्यात निंदणीला जायची तेव्हा याला कडेवर वाढवलं ते फुलमतीनं. बावीस वर्षांत दोघांची भेट नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आठवडा, फार तर दहा दिवस. बाई दर सकाळी विचारायची, 'आला का?' भाच्यानं तिकडून घाईघाईनं तिकीट काढलं, ओळखीच्या प्रवाशाबरोबर धाडलं. पुढचं विमान शुक्रवारी, आणि त्यात जागा नव्हती.

हॅरल्डनं तिकीट आणि पासपोर्ट काउंटरवर ठेवला. मिस ओडेसांनी दोन्ही उघडले. मग पुन्हा एकदा उघडले.

तिकिटावर हॅरल्ड परसॉद. पासपोर्टवर बिसनाथ रामकेलावन.

अहो, अक्षरं मागेपुढे झालेली असती तर गोष्ट वेगळी. इथे सगळा माणूसच दुसरा. कारण सोपं होतं. भाच्यानं जन्मापासून मामाला हॅरल्ड म्हणूनच ओळखलं होतं. आडनाव घातलं ते आजोबांचं, परसॉद. पण आजी-आजोबांचं लग्न बांबूच्या मांडवात पंडितानं लावलेलं, सरकारात नोंद नाही, म्हणून रजिस्टरात मुलांना आईचं आडनाव, रामकेलावन. तिकीट घरी आलं तेव्हा सगळ्यांनी पाहिलं आणि 'हॅरल्ड' वाचून सगळ्यांना हायसं वाटलं. बिसनाथ वाचलं असतं, तर हे कोणाचं तिकीट आलं म्हणून गोंधळ उडाला असता.

मिस ओडेसा म्हणाल्या, "काका, तिकिटावर एक माणूस आणि पासपोर्टवर एक माणूस. तो एकच असला पाहिजे."

हॅरल्डची बायको सुमिंत्रा पुढे सरसावली. "एकच आहे, मिस. चौतीस वर्षं याला वाढतेय. दोन असते तर मला भात जास्त लागला नसता का?"

सुरक्षा तपासणीच्या दाराशी कॉर्पोरल होता, तरुण, कडक इस्त्रीचा. तो म्हणाला, "काका, तुम्ही नक्की कोण ते घरी ठरवून या. माझ्या दारातून दोन नावांचा माणूस जाणार नाही."

"पोरा, सगळ्या लेग्वानला विचार," मागून कोणी तरी म्हणालं.

"लेग्वान विमान उडवत नाही, चाचा."

सगळे एकदम बोलायला लागले. एक बाई रडायलाही लागली, थोडी आधीच. हॅरल्ड मात्र काउंटरची कड धरून उभा होता आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. काउंटर बंद व्हायला पन्नास मिनिटं होती. मी त्याची पेटी गाडीवरून उतरवायला वाकलो, कारण अशा वेळी पुढे काय होतं ते मी शंभरदा पाहिलं होतं.

"मेजर, पेटी राहू द्या," मिस ओडेसा म्हणाल्या. मग त्यांनी पासपोर्ट मिटला, सुमिंत्राकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमच्या घरात शेवटचं कोण वारलं?"

सुमिंत्रा म्हणाली, "मिस, आम्ही विमान पकडायला आलोय. मयताला नाही."

"तरी सांगा."

"यांची आई. नऊ वर्षं झाली."

"पेपरात निधनवार्ता दिली होती?"

"म्हणजे? आम्ही काय बेवारस आहोत?"

आणि तिनं पर्स उघडली. पर्समधून लक्ष्मीचं छोटं चित्र काढलं, चित्रामागून प्लास्टिकची पिशवी, पिशवीतून घडीच्या ठिकाणी पिवळं पडलेलं कात्रण. मिस ओडेसांनी ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मोठ्यानं वाचायला लागल्या. आजही तो आवाज माझ्या कानात आहे. सुकरी, माहेरची रामकेलावन, कैलासवासी परसॉद यांची पत्नी. मुलं कोणती? कॅनडाची फुलमती. आणि लेग्वानचा बिसनाथ, म्हणजे सर्वांचा हॅरल्ड.

आपल्याकडे निधनवार्ता कशी लिहितात ते तुम्ही जाणता. हाक मारायचं नाव घातलं नाही तर शेजाऱ्यांना कळत नाही कोणाचं कोण गेलं, आणि मयताला माणसं येत नाहीत. पण सुमिंत्रानं नंतर सांगितलं, की घरची मंडळी नुसतं 'हॅरल्ड' छापणार होती. फुलमतीनं कॅनडाहून फोन करून अडवलं. म्हणाली, 'माझ्या भावाला दोन नावं आहेत. आईच्या शेवटच्या कागदावर दोन्ही पाहिजेत.' नऊ वर्षांपूर्वी, टोरंटोच्या बर्फात बसून, त्या बाईनं नकळत आपल्या भावाचा रस्ता मोकळा करून ठेवला होता. मी पोटार्थी माणूस, पण त्या वेळी माझ्या डोक्यावरची टोपी आपोआप माझ्या हातात आली. दोन बोटं रुंदीचा कागद, आणि त्यात एका माणसाची चारही नावं, आई, बाप, गाव, सगळं सामावलेलं. आम्ही बॅगेला चिठ्ठी बांधतो ती हरवते. ही हरवली नव्हती.

पण कात्रण म्हणजे काही शिक्का नव्हे. मिस ओडेसांनी शहरात मोठ्या साहेबांना फोन लावला. साहेब काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, या काय म्हणाल्या ते आलं. "नाही साहेब, शपथपत्र नाही... आज करून आणायला वेळ नाही... साहेब, शपथपत्रात माणूस खोटं बोलू शकतो. निधनवार्तेत नाही. खोटं छापलं तर संध्याकाळच्या आत शेजारी दारात उभे राहतात." मग म्हणाल्या, "हो. माझ्या जबाबदारीवर. चूक निघाली तर माझी नोकरी."

कंपनीत लागून तेव्हा त्यांना पंधरा वर्षं झाली होती. घरी म्हातारी आई आणि दोन मुलं होती. हे मला ठाऊक होतं, त्या काउंटरवरच्या कोणालाही नव्हतं, आणि त्यांनी ते कोणाला सांगितलंही नाही. तिकिटावरचं नाव त्यांनी दुरुस्त केलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली आणि हॅरल्डला घेऊन स्वतः तपासणीच्या दारापर्यंत गेल्या.

कॉर्पोरलनं पासपोर्ट पाहिला, तिकीट पाहिलं, मग कात्रण वाचायला घेतलं. वाचता वाचता त्यानं टोपी काढली. मयताची वार्ता होती ना. वाचून झाल्यावर त्यानं कात्रण जुन्याच घड्यांवर मिटलं आणि सुमिंत्राच्या हातात दिलं. "जपून ठेवा, मौसी," एवढंच म्हणाला. मग पिशवीतली बरणी वर उचलून, "आणि हे काय?"

"आंब्याचं लोणचं. तिच्यासाठी."

"तिला काही खाता येतं का?"

"वास तर घेईल," हॅरल्ड म्हणाला. त्या सकाळी मी त्याला बोलताना पहिल्यांदा ऐकलं.

विमान वर गेलं तेव्हा मी धावपट्टीच्या कुंपणापाशी होतो. रोजच जातं. पण त्या दिवशी मी ते ठिपका होईपर्यंत बघत राहिलो. एवढं मोठं लोखंड आणि एका बाईच्या सहीवर उडालं, असं काही तरी मनात आलं.

पाच आठवड्यांनी हॅरल्ड परत आला. सामान घेऊन बाहेर न जाता वळसा घालून सरळ मिस ओडेसांच्या काउंटरवर आला. रांग होती, तो रांगेत उभा राहिला. पाळी आली तेव्हा मी जवळच होतो.

"भेटली?" मिस ओडेसांनी विचारलं.

"नऊ दिवस मिळाले."

"ओळखलं तुम्हाला?"

त्यानं होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "डोळे उघडले आणि नावानं हाक मारली, मिस. पण ते नाव हॅरल्ड नव्हतं. बिसनाथही नव्हतं. लहानपणी फक्त तीच मारायची, ती हाक. मी विसरून गेलो होतो. आता ती हाक मारणारं कोणी नाही."

मंडळी, अडतीस वर्षं त्या काउंटरवर मिस ओडेसांनी येईल त्या प्रत्येकाला नाव विचारलं. तेच त्यांचं काम होतं. त्या दिवशी त्यांनी पासपोर्ट त्याच्या हातात परत ठेवला, त्याचा हात क्षणभर आपल्या दोन्ही हातांत धरला, आणि ते नाव विचारलं नाही.

मला वाटतं, मी त्यांच्याबद्दल एवढंच सांगायला आलो होतो.

अध्यक्ष साहेबांनी एका हमालाला व्यासपीठावर बोलावून बोलू दिलं, त्यांचे उपकार. लेग्वानहून होडी करून आलेल्या सुमिंत्रा मौसींचे विशेष आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राहिला असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर म्हाताऱ्याची चूक पदरात घ्या. मिस ओडेसा, तुम्ही उठू नका, बसून राहा. आज रांग आमची आहे, एकेक जण येऊन तुमचा हात हातात घेणार आहे.