आमच्या हातात काय आहे?

...नाही, मी म्हणतो, सुपरवायझरला काही किंमत आहे की नाही? मासेरूच्या पँट शिवायच्या कारखान्यात चार नंबरची लाइन माझी, शिट्टी माझी, आणि कामाचा वेग कोण ठरवणार? तर मामोसा! चेन बसवते ही बाई. ती एक गाणं उचलते, बाकीच्या मागून ओढतात, अन् सगळी मशिनं त्याच तालावर! गाणं सावकाश तर काम सावकाश. हा कारखाना आहे की चर्च?

त्यात साहेब म्हणाले, "मोखेथी, शुक्रवारी डर्बनचा ट्रक भरला नाही, तर चार नंबर बंद." बंद म्हणजे? बायका घरी, आणि त्यांच्या मागोमाग मीही घरी!

म्हटलं, आता गाणी मी ठरवणार! बाजारातून प्रार्थनागीतांचा पेनड्राइव्ह आणला, स्पीकर टांगला, वेग वाढवला, आणि बायकांना ताकीद दिली, तोंड बंद! झालं... तुम्हाला सांगतो, बायका बसल्या खऱ्या, पण कामात जीवच नाही! दोरा तुटला, की बसून राहायचं. "अगं, ओव ना!" तर म्हणे, "आमच्या हातात काय आहे, न्ताते?" न्ताते म्हणजे बाबा, मान मात्र पुरेपूर! खिसा उलटा लागला. "दिसला नाही?" "दिसला की. पण आमच्या हातात काय आहे?" अहो, हातात पँट आहे, पँट!

आणि दुपारी वाजावं काय? शवपेटी घराबाहेर काढताना म्हणतात ते गाणं! मी कुठे सगळं ऐकून आणलं होतं? अख्खी लाइन उभी! कुणी शालीसारखं पांघरलेलं ब्लँकेट सावरतंय, कुणी डोळे पुसतंय. ते गाणं चालू असताना खाली बसायची कुणाची छाती आहे? मीसुद्धा उभा, टोपी काढून! आणि कडवी काही संपता संपेनात...

संपलं एकदाचं, तशी मामोसा उठली आणि तिने स्पीकरची वायरच उपटली. "न्ताते मोखेथी, शुक्रवार आम्हालाही आहे. माझ्याही घरी तोंडं आहेत खाणारी. सूर आमचा, वेग आमचा, थांबायचं कधी तेही आम्हीच ठरवू. द्या ती शिट्टी."

"आणि नाही दिली तर?"

"मग लावा परत तेच गाणं."

दिली.

आणि मग काय सांगू तुम्हाला! सरळ शिवणीला धावतं गाणं, चेनीला संथ. दोरा तुटला, तर शेजारीण ओवून देतेय. उलटा खिसा माझ्या नजरेला पडायच्या आत उसवून पुन्हा लागतोय. जेवणाची सुट्टी स्वतःच अर्धी केली, मक्याच्या घट्ट लापशीचे घास गिळले की बसल्या मशिनवर... मी केली असती ना अर्धी, तर अंगावर धावून आल्या असत्या! त्याच बायका, तीच मशिनं! डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला बोलू? शुक्रवारी ट्रक वेळेत सरहद्दीचा पूल ओलांडून गेला. धन्य ती बाई!

साहेबांनी पाठ थोपटली. "मोखेथी, केलंस तरी काय?" आता काय सांगणार, शिट्टी दिली म्हणून?

परवा सहज चहाला उठलो, तर मागून शिट्टी! "न्ताते, कडवं संपल्याशिवाय कुणी उठायचं नाही."

बसलो गुपचूप. आमच्या हातात काय आहे?